तुरटीच्या हौदातलं जॅकेट

रावेर,
धोंड्याच्या महिन्यातला शेवटचा गुरुवार

चिरंजीव प्राध्यापक हितेंद्रराव यांस, रावेरहून चुडामण तुळशीराम महाजन यांचे, सासरा या नात्याने, पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे खुशाल आहेत, कुणी पडलेलं नाही, कुणाला दवाखान्यात नेलेलं नाही. चि. मयुरीचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो (तिला म्हणावं, धुळ्यात राहायला गेली म्हणून रात्रीचं दही खायची मुभा मिळत नाही). विहीणबाईंच्या गुडघ्याला नमस्कार सांगावा, म्हणजे नमस्कार विहीणबाईंना आणि चौकशी गुडघ्याची. आपल्या कॉलेजातली पोरं रसायनशास्त्रात पास झाली की कसं, आणि आपल्या त्या काळ्या मोटारसायकलीची प्रकृती कशी आहे, हेही सवडीने कळवावं. आमच्याकडे ऊन चव्वेचाळीसवरून एक्केचाळीसवर उतरलं आहे, आणि लोक थंडी पडल्यासारखे एकमेकांचं अभिनंदन करत फिरत आहेत.

आता हा माणूस फोन करायचा सोडून पत्र कशाला लिहीत बसला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं झालं की माझा मोबाइल चैत्रात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पडला, आणि तेव्हापासून तो फक्त स्पीकरवरच बोलतो. मी ओसरीवर बसून हॅलो म्हणालो की समोरच्या माणसाला स्वयंपाकघरातून तुमच्या सासूबाई उत्तर देतात. या पत्रातला काही मजकूर असा आहे, की तो सौ. बेबाबाईंच्या कानावर गेला नाही तर बरं. म्हणून हे पत्र तुमच्या जॅकेटाच्या छातीवरच्या आतल्या खिशात ठेवतो, जॅकेट पोत्यात घालतो, आणि पोतं शनिवारी पंडितच्या पिकअपमधून तुमच्याकडे रवाना करतो. (पंडित तुमच्या सासूबाईंचा सख्खा भाऊ असला तरी माणूस विश्वासाचा आहे.) पोतं शिवायचं काम अर्थातच तुमच्या सासूबाईंकडे दिलं आहे, कारण दाभण त्यांच्या हातात जितकं सरळ चालतं तितकं माझ्या हातात चालत नाही.

तर मुद्दा जॅकेटाचा. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही धोंड्याच्या जेवणाला आलात, ते भर उन्हात धुळ्यापासून रावेरपर्यंत ते जाड, करडं, खांद्याकोपरांवर टेंगळं आलेलं जॅकेट अंगात घालून. फाटकात तुम्हाला बघून नथ्थूला वाटलं, बिबट्या धरायला माणूस आला. (नथ्थू म्हणजे आपल्या मळ्यात केळी भरणाऱ्या टोळीचा मुकादम. शिरपूरकडचा आहे, कामाला वाघ, तोंडाने फटकळ.) त्या वेळी मीही थोडा हसलो होतो. ते तुम्ही विसरला असाल असं धरून चालतो. जेवण झालं, तेहतीस अनारशांचं वाण झालं, तुम्ही पुरे पुरे म्हणालात आणि आम्ही रीतीप्रमाणे ते ऐकलं नाही. मग मळा बघायला गेलो, आणि तिथे तुम्हाला केळीचा घड खांद्यावर घेऊन फोटो काढायची हौस आली. मयुरीने तरी तुम्हाला अडवायचं, तिचा जन्म केळीत गेला! पण ती फोटो काढण्यात दंग. ताज्या घडाच्या दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो, तो तुमच्या उजव्या खांद्यावरून बाहीवर आणि बाहीवरून पाठीवर उतरला. तेव्हा कुणाला काही दिसलं नाही. दिवस मावळेपर्यंत तो काळाकुट्ट झाला आणि तुमच्या पाठीवर तापी नदीचा नकाशा उमटला, उपनद्यांसकट.

तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांसमोर छाती पुढे काढून म्हणालो की डाग माझ्या मळ्यात लागला, डाग मीच काढणार, जॅकेट इथेच राहू द्या. तुम्ही तीन वेळा ‘आबा, राहू द्या ना’ म्हणालात. मी चार वेळा ‘अजिबात नाही’ म्हणालो. तुमचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं, की जॅकेट नाही तर गाडीही नाही या बाण्याने तुम्ही मोटारसायकल पंडितच्या पिकअपमध्ये चढवलीत आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसून धुळ्याला गेलात. आता तुम्ही मनात म्हणाल, केळीच्या चिकाचा डाग निघत नसतो हे रावेर तालुक्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं, घरोघरी केळीचे म्हणून वेगळे कपडे असतात, मग आबांनी हे पैज मारल्यासारखं का केलं? जावयाचा मान ठेवणं ही आमची रीत आहे, एवढंच उत्तर सध्या पुरेसं समजावं.

पंडितच्या पुढच्या फेरीला तुमच्या दोन बाटल्या आल्या, आणि मोबाइलवर अकरा सूचना. (मी त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. तुम्ही वर्गात शिकवत असाल तर पोरं पास होत असणार.) आधी आतले पॅड काढा. मग थंड पाणी, एक नंबरच्या बाटलीतलं औषध, हलक्या हाताने धुणं. साबण नाही, पावडर नाही, कारण साबणाचा अंश कापडात राहिला की कापड पाणी धरायला लागतं. पिळायचं नाही. मग ओलसर असतानाच दोन नंबरच्या बाटलीतलं औषध फवारायचं, म्हणजे पावसाचे थेंब कापडात न मुरता घसरून जातात. वीस तारखेला तुम्हाला मित्रांबरोबर मोटारसायकलने कोकणात उतरायचं आहे, आणि तिथे पाऊस तासांत नाही, दिवसांत मोजतात, हेही तुम्ही शेवटी लिहिलं होतं. म्हणजे जबाबदारी केवढी, याची मला पूर्ण कल्पना होती.

पॅड काढले. एकूण पाच निघाले, खांद्यांचे दोन, कोपरांचे दोन आणि पाठीचा एक. पण ते ओसरीवर वाळत ठेवून मी वहीतली तिसरी सूचना वाचेपर्यंत त्यातले दोन नाहीसे झाले. खांद्याचा एक, त्याला भोकं असल्यामुळे, तुमच्या सासूबाईंनी मटकी निथळायला घेतला होता. कोपराचा एक कूलरच्या पायाखाली सापडला. आमचा कूलर गेली सहा वर्षं खडखडतो, इतका की शेजारची कमलबाई आमच्या कूलरवरून वेळ सांगते. तो कोपराचा पॅड खाली सरकवल्याबरोबर कूलर गप्प झाला. घरात अशी शांतता पसरली की मी आणि तुमच्या सासूबाई एकमेकांकडे बघतच राहिलो. पण ते असो, पॅड सगळे परत जागच्या जागी घातले आहेत, काळजी नसावी.

मग धुणं. एक नंबरची बाटली घमेल्यात ओतली, हात फिरवला, फेस नाही. अजून फिरवला, फेस नाही. तुमच्या सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्या मते जे फेसाळत नाही ते मळ काढत नाही, आणि जावयाला दुकानदाराने फसवलं. मी वही दाखवली, सूचना क्रमांक पाच मोठ्याने वाचली. परंतु चाळीस वर्षं माझी केळीची धोतरं-बंड्या धुतलेल्या बाईला वहीतलं वाचून दाखवणारा मी कोण? मी शेंगदाणे आणायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तो पिवळी साबणवडी निम्मी झाली होती, आणि ब्रशाने जॅकेटाची अशी घासाघाशी चालली होती की फेस तुळशीपर्यंत गेला होता. डाग मात्र होता तिथेच होता, उलट स्वच्छ जॅकेटावर जास्त उठून दिसायला लागला. त्यातून नळाला पाणी त्या दिवशी नव्हतं, त्यामुळे खळबळून काढायचं राहिलं ते राहिलंच.

दोन नंबरच्या बाटलीबद्दल मात्र मी पूर्ण दोष स्वतःकडे घेतो. बाटलीच्या तोंडाला फवारा होता. मी तो दाबला आणि तुषार उडाला तो माझ्या चष्म्यावर. (त्या चष्म्यावर आजही पाण्याचा थेंब टिकत नाही, म्हणजे औषध अस्सल होतं.) मी म्हटलं, आयुष्यभर फवारण्या केल्या, करप्याला औषध मारलं, मावा-तुडतुडे घालवले, आणि आता या दोन बोटांच्या पिचकारीने जॅकेट फवारायचं? मी पाठीवरचा सोळा लिटरचा पंप आणला, धुऊन घेतला, बाटली त्यात रिकामी केली. हापसून हापसून खांदा भरून आला, नुसती हवा बाहेर. पावशेर औषध पंपाच्या तळाला आणि नळीतच राहिलं होतं. ते बाहेर यावं म्हणून मी त्यात चार लिटर पाणी घातलं. मग फवारणी झकास झाली. तुम्ही रसायनशास्त्राचे, तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको.

जॅकेट सावलीत वाळलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून मी ते अंगात घातलं, पॅड-बिड सगळे लावून (कूलर त्या वेळी बंद होता), आणि अंगणात उभा राहिलो. हितेंद्रराव, एक गोष्ट मनापासून सांगतो. ते घातल्यावर दोन्ही खांद्यांवर कुणीतरी आपला माणूस हात ठेवून उभा आहे असं वाटतं. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग तुमच्या सासूबाईंनी ओसरीच्या पायरीवरून बादली ओतली. त्यांनी ती इतक्या मनापासून ओतली, की लग्नानंतरचा बराच हिशेब त्यात मिटला असावा. पाणी थांबलं कुठेच नाही. जॅकेटातून शर्टात, शर्टातून गंजीत, गंजीतून थेट माझ्या लक्षात आलं, की मी जावयाचं पावसाळी जॅकेट धुऊन त्याचा पंचा केला आहे.

त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. कोकणातल्या घाटात तुम्ही चिंब भिजलेले, मागच्या सीटवर नसली तरी फोनवर मयुरी, आणि दोघांच्या तोंडी एकच नाव, माझं. आधीच तुमच्या घरी माझी कीर्ती काय आहे मला माहीत आहे. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी माझी राजदूत मोटारसायकल घेऊन मळ्यातून येत होतो आणि रस्त्यावर पडलेल्या केळीच्या खांबावरून घसरलो. (हसू नका. केळीच्या बागायतदाराने केळीवरून घसरावं, याच्यावर हसायचं ते सगळं हसून झालं आहे.) गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हापासून राजदूत शेडमध्ये उभी आहे आणि किल्ली तुमच्या सासूबाईंनी ताब्यात घेतली आहे. दहा महिने झाले. एवढा तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि मळ्यात जातो तो पंडितच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून. मला भीती-बिती काही नाही. पण किल्लीच हातात नाही तर माणूस करणार काय? असो, विषय जॅकेटाचा चालला होता.

मग माझ्या डोक्यात जो विचार आला तो केळीवाल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही. मळ्यात केळी भरायच्या आधी फण्या तोडून हौदात टाकतात. त्या हौदाच्या पाण्यात तुरटी असते, आणि तुरटीच्या पाण्यात फणीचा चीक सुटतो, डाग पडत नाही. मी म्हटलं, चीक तो चीकच! केळीवरचा सुटतो तर जॅकेटावरचा का सुटणार नाही? शिवाय साबण खळबळून काढायला पाणीही फुकटचं. मंगळवारी सकाळी मी जॅकेट पिशवीत घालून मळ्यात गेलो. नथ्थूच्या टोळीचं खोक्यांत भरायचं काम चालू होतं, सावद्याच्या शीतगृहाचा ट्रक उभा होता. शेवटची फणी निघाल्यावर मी जॅकेट हौदात सोडलं, चांगलं दाबून बुडवलं, आणि नथ्थूला सांगितलं की हे जावयाचं आहे, फणीपेक्षा नाजूक आहे, जपून काढ. मग घरी चहाला आलो.

नथ्थूने ते जपूनच काढलं, यात शंका नाही. तासाभराने बाहेर काढलं, पंख्याखाली वाळवलं, निळ्या प्लास्टिकमध्ये घडी घातली, वर-खाली फोमचा कागद लावला आणि कुठे डाग लागू नये म्हणून एका रिकाम्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. दोष काढावा असं त्यात काहीही नाही. फक्त ते खोकं त्याने इतर नऊशे खोक्यांशेजारी ठेवलं, आणि भरणाऱ्या गड्यांनी ते ट्रकमध्ये चढवलं.

नथ्थूचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवून ओसरीवर आडवा झालो होतो. फोन अर्थातच स्पीकरवर. ‘आबा, जाकीट ट्रकमा चालनं गयं!’ एवढं वाक्य मी ऐकेपर्यंत स्वयंपाकघरातून ताट पडल्याचा आवाज आला. ड्रायव्हरचा फोन लागेना. नथ्थूच्या मोटारसायकलवर टोळीतला एक जण खोकी आणायला गेलेला. पंडित चाळीसगावच्या रस्त्याला. ट्रक गावाबाहेर सहा किलोमीटरवर वजनकाट्याला थांबणार, आणि तिथून सुटला की सावद्याच्या शीतगृहात नऊशे खोक्यांमध्ये एक जॅकेट शोधायचं. तुमच्या सासूबाई बाहेर आल्या. कमरेच्या बटव्यातून किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली, पदर खोचला आणि शेडकडे चालायला लागल्या.

दहा महिने उभी असलेली गाडी. टाकीत वास होता, पेट्रोल नव्हतं. फवारणीच्या इंजिनासाठी ऑइल घालून ठेवलेलं पेट्रोल होतं, ते ओतलं. राजदूतला तेच मानवतं. सतरा किका मारल्या. अठराव्या किकेला तिने असा धूर सोडला की कमलबाईने वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या. हँडल धरलं तेव्हा हाताला थोडा घाम आला होता, तो उन्हाचा. मागे तुमच्या सासूबाई बसल्या, आणि निघालो. त्या केळीच्या खांबाच्या जागेवरून जाताना मी गाडी अगदी हळू केली, इतकी की एक म्हैस आमच्या पुढे गेली. पण हितेंद्रराव, पुलाच्या पुढे गाडी तिसऱ्या गिअरला पडली आणि तोंडावर वारा आला, तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

ट्रक काट्यावरच होता. खोकं शेवटी चढवलेलं, म्हणून सगळ्यात वर होतं, आणि उचललं की हलकं लागत होतं. ड्रायव्हरने झाकण उघडून आत बघितलं आणि ही कुठली जात म्हणून विचारलं. मी म्हटलं, ही धुळ्याची आहे, खायची नाही. येताना जॅकेट हातात धरून गाडी चालवता येत नव्हती म्हणून (केवळ म्हणून) मी ते अंगात घातलं. अर्ध्या वाटेत कुणाच्या तरी मळ्याची पाइपलाइन फुटलेली होती आणि रस्त्यावर दोन पुरुष उंच कारंजं उडत होतं. थांबायचं म्हटलं तर राजदूत बंद पडली असती. घुसलो. पलीकडे निघालो तेव्हा मला पाणी लागल्याचं जाणवलंच नाही. घरी येऊन बघतो तो बाहीवर, पाठीवर, छातीवर पाण्याचे नुसते गोळे, झटकले की गेले. आत शर्ट कोरडा, गंजी कोरडी, खिशातला विडीचा कट्टासुद्धा कोरडा. (विडीचं मयुरीला सांगू नये.)

नथ्थू जॅकेट बघायला मुद्दाम घरी आला. त्याने वर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, ‘आबा, हाई ते केळनं पान व्हई गयं!’ पानावर जसं पाणी थांबत नाही तसं. मग त्याने सांगितलं की त्याचा आजा तमाशाच्या फडात राहुट्या ठोकायला होता, आणि पावसाळ्याआधी राहुटीचं कापड आधी साबणाच्या पाण्यात भिजवायचे आणि मग तुरटीच्या पाण्यात, म्हणजे ते पाणी धरत नसे. म्हणजे बघा, तुमच्या सासूबाईंनी जो साबण घासला आणि पाण्याअभावी जो कापडात राहिला, त्यालाच आपल्या हौदातली तुरटी जाऊन बसली. हे कसं होतं ते तुम्ही वर्गात फळ्यावर लिहून दाखवालच. मी एवढंच म्हणतो की तुमच्या अकरा सूचनांपैकी जी सूचना सगळ्यात जोरात मोडली, तिनेच काम केलं. जॅकेट थोडं कडक झालं आहे, घातल्यावर कागद वाजल्यासारखा आवाज येतो, पण चार दिवसांत नरम पडेल.

तर वीस तारखेला तुम्ही निर्धास्त कोकणात उतरावं. डाग निघाल्यात जमा आहे. हे पत्र तुमच्या हाती कोरडं पडलं, तर शनिवारच्या वळवाच्या सरीतून खुल्या पिकअपमध्ये येऊनही खिशात पाणी गेलं नाही, हा पुरावा समजावा. मयुरीला, विहीणबाईंना यथायोग्य. आमच्या दोघांच्या मनात तुमच्याविषयी किती आपुलकी आहे ते या जॅकेटावर खर्च झालेल्या साबणावरून ओळखावं.

आपला,
चुडामण महाजन

ता. क. : वर पॅड पाचही घातल्याचं लिहिलं आहे. लिहून झाल्यावर मोजले, ते चार भरले. डाव्या कोपराचा पॅड कूलरखाली आहे. तो काढायचा विषय मी दोनदा घरात काढून बघितला. तुम्ही कोकणात उजव्या कोपरावरच पडावं असं म्हणत नाही, पण जपून चालवावं.

आणखी एक ता. क. : डागाबद्दल ‘निघाल्यात जमा’ हा शब्दप्रयोग जरा सैल झाला. डाग आहे तिथेच आहे. तुरटीने त्याची कड मात्र अगदी स्वच्छ उठून आली आहे, उपनद्या मोजता येतात.

शेवटचा ता. क., आणि हाच नीट वाचावा : डाग निघणार नाही हे मला घड तुमच्या खांद्यावर होता तेव्हाच माहीत होतं. मी जॅकेट ठेवून घेतलं ते मला ते घालून बघायचं होतं म्हणून. हसलो होतो मी, पण ते तुमच्या अंगावर बघितलं आणि वाटलं, असं काही अंगात असतं तर आपलं हाड मोडलं नसतं, आणि आपण पुन्हा गाडीवर बसलो असतो. काट्यावरून आल्यावर किल्ली तुमच्या सासूबाईंनी परत घेतली, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. तरी एक उपकार करा. रविवारी सकाळी सातला मला फोन करा, आणि प्राध्यापकाच्या आवाजात सांगा की घरी तुरटी लावलेलं जॅकेट आठवड्यातून एकदा तरी गाडीवर घालून वारा खाऊ दिला नाही तर त्याची तुरटी झडते. म्हणून कोकणातून परतल्यावर जॅकेट देखभालीसाठी रावेरला पाठवत आहात. आणि देखभाल म्हटली की गाडी चालू ठेवणं आलंच. आवाज चढवायची गरज नाही. फोन स्पीकरवरच असतो.

जावईबापूंना बेबाबाईचा आशीर्वाद. पोतं शिवायला घेतलं तर जॅकेटाच्या छातीला काहीतरी कडक लागलं, म्हणून खिसा बघितला. सगळं वाचलं. रविवारी फोन करायची गरज नाही.

किल्ली माझ्या बटव्यात कधीच नव्हती. देवघराशेजारच्या खुंटीवर आहे, पोळ्यापासून तिथेच आहे. त्याच खुंटीला त्यांची टोपी असते. रोज सकाळी टोपी काढतात, रोज संध्याकाळी अडकवतात, किल्लीकडे बघत नाहीत. मीही बोलले नाही. म्हटलं, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी घेतील. मंगळवारी मी खुंटीवरूनच काढून दिली, त्यांनी डोळे मिटले होते म्हणून त्यांना बटवा दिसला. जाताना त्यांचे खांदे माझ्या हाताखाली कापत होते. येताना नव्हते कापत. घरी आल्यावर ती मी परत खुंटीला अडकवली, त्यांनी घ्यावी म्हणून. बोलत नाही असं लिहिलंय, ते खरं तर हसू आवरत नव्हतं. बोलले असते तर हसले असते, आणि त्यांना वाटलं असतं गाडीवर हसते.

कूलरखालचा पॅड काढून यात घातला आहे. कूलर पुन्हा वाजायला लागला, वाजू दे. तुमचं कोपर त्याच्यापेक्षा मोठं.

एक काम मात्र करा. त्यांनी लिहिलंय की त्या कारंज्यातून गेलो तर पाणी लागलंच नाही. त्यांना नाही लागलं. मागे मी होते. लुगड्यापासून वेणीपर्यंत भिजले. तर कोकणातून आलात की तसली दोन जॅकेटं बघा, त्यांच्या छातीचं माप बेचाळीस, माझं अडतीस. पालच्या घाटात जायचं आहे आम्हाला, दिवाळीच्या आत. रंगाचं विचाराल तर दोन्ही काळीच घ्या. केळीचा डाग दिसत नाही.